उजव्या कानाची बाजू

हॅवलॉक, अंदमान
२० डिसेंबर २०२४

प्रिय ताई,
सप्रेम जय भीम.

माझा मोबाईल बंद लागतोय म्हणून तू वैतागली असशील. बोटीवरून उतरताना तो पाण्यात पडला. इथे दुरुस्त करणारं कोणी नाही. नवा घ्यायचा तर पोर्ट ब्लेअर गाठावं लागेल, आणि नाताळची गर्दी अशी आहे की इतक्यात बेट सोडता येणार नाही. म्हणून पत्र. मेसेजवर माणूस दोन शब्दांत सुटतो ही तुझी जुनी तक्रार आहेच. फक्त वर्गातल्या पोरांचं तपासतेस तसं माझं शुद्धलेखन तपासू नकोस.

माझं ठीक चाललंय. समुद्र सध्या इतका निवळशंख आहे की बोटीतून वाकलं तरी तळाची वाळू दिसते. पाहुणे येतात, कोणी इंदूरचे, कोणी राजकोटचे. बहुतेकांना पोहता येत नाही, पण पाठीवर सिलिंडर बांधून खाली जाऊन मासे बघायचे असतात. त्यांचा हात धरून न्यायचं आणि हात धरून आणायचं, हे आपलं काम. या आठवड्यात मी जरा किनाऱ्यावरचं बघतोय, सिलिंडर भरणं, पाहुण्यांना सूचना देणं वगैरे. कानात थोडं पाणी गेलंय, बाकी काही नाही.

अण्णांशी मागच्या आठवड्यात फोनवर बोललो. आवाज खणखणीत वाटला. गुडघ्याला तेल लावतात का?

तुझ्या शाळेतली निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली असतील. वर्गात कोण कोण उरलंय ते लिही.

तुझा,
चेतन


भिंगार
८ जानेवारी २०२५

चेतन,
जय भीम.

पत्र मिळालं. मोबाईल पाण्यात पडला ते एका परीने बरं झालं. हे मला फोनवर बोलता आलं नसतं.

गहिनीनाथबद्दल मी तुला दिवाळीआधी सांगितलं होतं. पुन्हा लिहिते, कारण तू ते विसरला असावास असं वाटतंय. आम्ही एका शाळेत शिकवतो. ऊसतोडीच्या दिवसांत मागे राहिलेल्या पोरांसाठी शाळेत हंगामी वसतिगृह चालतं, ते आम्ही दोघं बघतो. कोणाच्या आजीला समजवायचं, कोणाचं पोर बैलगाडीतून उतरवून घ्यायचं, असं करता करता आमचं जमलं. त्याची माणसं पाथर्डीकडची, शेतकरी. आपली आणि त्यांची जात वेगळी, हे त्यांना गिळायला काही वर्षं लागली. तरी त्याने त्यांना तयार केलं. आठ डिसेंबरला त्याचे आईवडील, आप्पासाहेब आणि छबूबाई, आपल्या घरी आले. छबूबाईंनी चहा घेतला, वर स्वतःहून पाणी मागून प्यायल्या. मी स्वयंपाकघरातून बघत होते. मला वाटलं, झालं आता.

अण्णांनी विचार करून कळवतो म्हणून सांगितलं. पाहुणे गेल्यावर मला म्हणाले, "पोरी, मानसं चांगली हायेत, पन मला भ्या वाटतं. आपल्या जिल्ह्यात काय काय झालंय ते तुला ठावं हाय." मी वाद घातला नाही. मी म्हणाले, चेतनला विचारा, तो म्हणेल ते मला मान्य. तुझ्याबद्दल मला इतकी खात्री होती.

चार दिवसांनी अण्णा परसात शेवग्याखाली उभे राहून तुझ्याशी बोलले आणि आत आले. म्हणाले, "नकार कळवू का म्हनून विचारलं. चेतन म्हनला, चालेल."

मी विचारलं, "आणखी काय म्हणाला?"

"काय न्हाई. चालेल म्हनला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आप्पासाहेबांना नकार कळवला.

तू घरापासून सगळ्यात लांब गेलास. आई गेल्यावर मीच तुला जा म्हणाले होते. तू एवढं एक माझ्यासाठी म्हणशील असं वाटलं होतं. का म्हणालास तसं? मला एकदा तरी विचारायचंस.

यशोधरा


हॅवलॉक
२५ जानेवारी २०२५

प्रिय ताई,
जय भीम.

तुझं पत्र काल मिळालं.

हो, मी तसं म्हणालो. अण्णांना भीती वाटत होती, मलाही वाटली. तू रोज एकटी त्या रस्त्याने जीपने जातेस येतेस. त्याच्या आईवडिलांनी चहा घेतला असेल, पण बाकीची भावकी आहे. कोणाच्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही. मी एवढा लांब, अण्णांचं वय झालेलं. काही झालं असतं तर कोण धावून आलं असतं? तुला विचारायला हवं होतं हे खरं. घाईत बोलणं झालं.

माझं कदाचित चुकलं असेल. तुला आणि अण्णांना पुन्हा विचार करावासा वाटला तर माझी काही ना नाही. तसं अण्णांना सांग.

इथे वारा सुटलाय, समुद्र जरा गढूळ आहे.

तुझा,
चेतन


भिंगार
१२ फेब्रुवारी २०२५

चेतन,

तुझी ना नाही हे आता कळलं. अण्णांना सांगितलं. ते उठून परसात गेले.

गहिनीनाथने घरी पुन्हा विषय काढून पाहिला. आप्पासाहेब म्हणाले, आम्ही चार लोकांचं ऐकून घेऊन त्यांच्या दारात गेलो होतो, परत जाणार नाही. त्यांचंही बरोबर आहे. मग गहिनीनाथने मला विचारलं, आपण दोघंच नोंदणी करून लग्न करू या का? मी म्हणाले, अण्णांना टाकून नाही. शेवगावची मुलगी ठरली आहे. एप्रिलच्या शेवटी लग्न.

हे सांगायला तो स्वतः शाळेच्या व्हरांड्यात आला. पोरं खिचडीला बसली होती. जाताना म्हणाला, "तुमचा भाऊ तर समुद्राच्या तळाशी जातो म्हणता. मग तो एवढा कशाला भ्याला?" मी पोरांना खिचडी वाढायला गेले.

अण्णांच्या भीतीशी मी भांडले असते. भांडायचं ठरवलंही होतं. तुझं नाव मध्ये आलं आणि मी गप्प बसले.

काही दिवस मला लिहू नकोस. अण्णांना लिही, ते वाट बघतात.

यशोधरा


भिंगार
१८ एप्रिल २०२५

चेतन,

चौदा तारखेला मिरवणूक बघून आल्यावर अण्णांनी हट्ट धरला, आज जयंती आहे, पोराशी बोलायचंय. तुझा नंबर अजून बंदच. मी इंटरनेटवर तुमच्या डायव्हिंगच्या दुकानाचा नंबर शोधला. अण्णा हातपाय धुवायला गेले होते तेवढ्यात फोन लागला. समर्थ नावाच्या मुलाने उचलला. मालवणचा आहे म्हणाला, मराठी ऐकून खूश झाला. मी म्हणाले, मी चेतनची बहीण, त्याला जरा फोन द्या.

तो म्हणाला, "ताई, देतो, पण त्याला फोनवर कुठे ऐकू येतं?"

आम्हाला सगळं माहीत आहे असं तो धरून चालला होता. मी माहीत असल्यासारखं बोलत राहिले. त्यामुळे त्याने सगळं सांगितलं. दिवाळीनंतर पाण्याखाली तुझा कान फुटला. तेव्हापासून तू पाण्यात उतरलेला नाहीस. सकाळी उठलास की भिंतीला हात लावून चालतोस. समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं समजून घेतोस. मी विचारलं, डिसेंबरात फोनवर ऐकू येत होतं का? तो म्हणाला, नाही ताई, नोव्हेंबरातच गेलं सगळं.

मी फोन ठेवला. अण्णांना म्हणाले, लागत नाहीये.

चेतन, अण्णांनी काय विचारलं ते तू ऐकलंच नव्हतंस ना? मग चालेल कशाला म्हणालास? आणि जानेवारीत मला ते भीतीचं पत्र कशाला लिहिलंस?

समर्थकडून निरोप पाठवून तुझं उत्तर त्याच दिवशी मागवता आलं असतं. फोनपाशी बसून मी तो विचार केला. पण गहिनीनाथचं लग्न सत्तावीस तारखेला आहे. पत्रिका वाटून झाल्यात, शाळेतही एक आली आहे. त्या मुलीने कोणाचं काय केलंय? म्हणून पत्रच लिहिते. तुझं उत्तर येईपर्यंत लग्न होऊन गेलेलं असेल. तसंच असू दे.

पण मला खरं काय ते लिही.

ताई


हॅवलॉक
२ मे २०२५

प्रिय ताई,
जय भीम.

नाही, मी ऐकलं नव्हतं.

पहिल्यापासून सांगतो. डावा कान माझा आधीच निम्मा गेलेला होता. मागच्या हंगामात त्याच्या पडद्याला भोक पडलं, ते भरलं, परत पडलं. मी त्याचं कोणाला बोललो नाही, कारण उजव्यावर निभत होतं. दिवाळीनंतर गर्दी सुरू झाली आणि मला सर्दी झाली. सर्दीत पाण्याखाली जायचं नसतं. खाली उतरताना पाण्याचा दाब कानाच्या पडद्यावर येतो. नाक चिमटीत धरून हळूच फुंकलं की आतून हवा जाते आणि कान मोकळा होतो. सर्दीत ती आतली वाटच बंद असते. कान दुखला की थांबायचं, थोडं वर यायचं, जोर करायचा नाही. हे मी रोज पाहुण्यांना वाळूत बसवून शिकवायचो. हाताची खूण करून दाखवायचो, कान दुखला की असं करा, मी तुम्हाला वर आणीन.

आमची मालकीण राजेश्वरी मॅडम. त्या म्हणाल्या होत्या, नाक वाजतंय तुझं, दोन दिवस वर बस. मी ऐकलं नाही. सर्दीची गोळी घेतली, नाक मोकळं वाटलं, उतरलो. पहिली फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीत एका पाहुण्याचा कॅमेरा हातातून सुटून खाली गेला. पाहुण्यांना समर्थ वर नेत होता. मला कोणी कॅमेरा आण म्हणालं नव्हतं. तो माणूस हातानेच जाऊ दे म्हणत होता. पण मला वाटलं, आणून देऊ, खूश होईल. डोकं खाली करून मी सरळ सुटलो. कान दुखायला लागला. खाली वाळूवर कॅमेरा दिसत होता, अगदी जवळ वाटत होता. नाक धरून मी होता नव्हता तेवढा जोर लावून फुंकलं, आणि उजव्या कानात खोल आत काहीतरी फुटलं.

दुखलं नाही फारसं. पण सगळा समुद्र गरगरायला लागला. वर कुठे आणि खाली कुठे ते कळेना. आपले बुडबुडे जिकडे जातात तिकडे वर, एवढंच आठवलं. समर्थ परत आला, त्याने पट्टा धरून मला हळूहळू वर काढलं. कॅमेरा तिथेच राहिला.

मग मी आणखी एक मूर्खपणा केला. चक्कर आहे, उतरेल म्हणून खोलीत पडून राहिलो. मान हलवली की उलटी व्हायची. कानात गिरणी चालावी तशी घरघर. राजेश्वरी मॅडमनी शेवटी बोटीत बसवून पोर्ट ब्लेअरला पाठवलं, तोवर आठवडा गेला होता. डॉक्टर म्हणाले, आतल्या कानाचा पातळ पडदा फाटलाय. लगेच आला असतास तर औषधांनी काही वाचवता आलं असतं. आता उजव्याने ऐकू येणार नाही, आणि पाण्याखाली जायचं तर विसरूनच जा.

घरी कसं सांगू ते कळेना. अण्णांनी जन्मभर लष्कराच्या वसाहतीतले पाण्याचे पंप चालवले. मी इकडे आलो तेव्हा भिंगारच्या बाजारात चहाच्या दुकानात बसून ते लोकांना सांगायचे, माझा पोरगा समुद्राखाली जातो. तू हसत हसत मला हे सांगितलं होतंस. मला वाटलं, निदान एवढा हंगाम तरी त्यांना सांगू दे.

त्या दिवशी अण्णांचा फोन आला. मी डाव्या कानाला लावला. अण्णा बोलताहेत एवढं समजत होतं, शब्द समजत नव्हते. ते बोलायचे, थांबायचे. थांबले की मी हो म्हणायचो, नाहीतर चालेल म्हणायचो. मला वाटलं नळाचं पाणी, गुडघा, कोणाच्या घरचं लग्न, असंच काही असेल. शेवटी ते बराच वेळ गप्प राहिले. मी म्हणालो, चालेल अण्णा. मग त्यांनी फोन ठेवला. त्यांना काही कळलं नाही म्हणून मला बरं वाटलं, ताई. संध्याकाळी मी मोबाईल बंद करून पेटीत टाकला. तो पाण्यात पडला नव्हता.

तुझं जानेवारीतलं पत्र वाचलं तेव्हा मी काय करून बसलोय ते कळलं. तेव्हाच खरं लिहायचं होतं. दोन पानं लिहिलीही होती. मग वाटलं, बहिरा झालोय म्हणून कळवण्यापेक्षा भ्यालो म्हणून कळवणं सोपं. घाबरलेल्या माणसाला तुम्ही रागवाल आणि सोडून द्याल. बहिऱ्या माणसाला परत बोलावून घ्याल. म्हणून ती भीती मी बसून रचली. आणि शेवटी माझी ना नाही असं लिहून टाकलं, म्हणजे आपोआप सगळं सुरळीत होईल असं वाटलं.

जानेवारीत अजून वेळ होता. हे मी इथे सिलिंडर भरताना रोज स्वतःशी म्हणतो. कॅमेऱ्याचं मला फार वाईट वाटत नाही. ते पाच मिनिटांचं वेड होतं. ते पत्र मात्र मी शांतपणे लिहिलं.

अण्णांना सांग. मला त्यांना लिहायचा धीर होत नाही.

चेतन


भिंगार
२० मे २०२५

चेतन,
जय भीम.

तुझं पत्र मी अण्णांना वाचून दाखवलं. सगळं, जसंच्या तसं. ते ओट्यावर बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होते. कॅमेऱ्यापाशी आले तेव्हा त्यांनी हातातलं सोलणं थांबवलं. फोनचा भाग आला तेव्हा म्हणाले, "मला तवाच वाटलं हुतं."

मी विचारलं, "काय वाटलं होतं?"

"त्याला ऐकू येईना म्हनून. मी म्हनलो, जेवलास का? तर म्हनला, चालेल. मी म्हनलो, माझा आवाज येतोय का? तर म्हनला, चालेल चालेल."

"मग परत का नाही विचारलंत?"

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाले, "मला जे पायजे हुतं तेच त्यो म्हनला. परत इचारलं असतं अन् न्हाई म्हनला असता, मंग? मी तुला त्या घरी धाडली असती. अन् उद्या कुनी काय केलं असतं तर मी कुटं जानार हुतो, यशोधरा?"

मी उठून बाहेर गेले. छावणीच्या रस्त्याने चालत राहिले, कुठपर्यंत ते आठवत नाही. परत आले तर अण्णांनी भात लावला होता. तो खाली लागला होता. आम्ही तो तसाच खाल्ला. आठवडाभर आमचं बोलणं लागेल तेवढंच होतं.

मग एका सकाळी ते म्हणाले, "छबूबाईकडं जाऊन सांगू का, चूक माझी हाय म्हनून?" मी म्हणाले, आता कोणाला सांगून काय होणार? हल्ली ते बाजारात चहाला जात नाहीत. गुडघा दुखतो म्हणतात.

मी लग्नाला गेले होते. शाळेतले सगळे निघाले, मी एकटी मागे राहिले असते तर बोलणं झालं असतं. मुलीचं नाव पूजा. बुजरी आहे. पंगतीत वाढायला स्वतः आली आणि मी नको नको म्हणत असताना तिने मला आग्रहाने जिलबी वाढली. गहिनीनाथ लांबून बघत होता. मी ती जिलबी खाल्ली.

तुझ्यावर मी खूप रागावले, मग अण्णांवर रागावले. आता उरलेला राग कोणावर काढायचा तर माझ्यावरच काढावा लागतो. घरात सगळ्यात शिकलेली मी. हो म्हणायचं ते मीच म्हणायला हवं होतं, आणि मी ते तुझ्याकडून ऐकायला बसले.

पावसाळ्यात तुमचं काम बंद असतं ना? घरी ये. इथे कानाचे चांगले डॉक्टर आहेत. डाव्या कानाला यंत्र बसतं का ते बघू.

ताई


हॅवलॉक
९ जून २०२५

प्रिय ताई,
जय भीम.

मी येतो. महिनाअखेरीला निघेन. विमानात दाब बदलतो म्हणून डॉक्टरांना विचारून घेतलं. ते म्हणाले, सर्दी नसेल तर जा. या वेळी ऐकणार आहे.

राजेश्वरी मॅडमनी विचारलंय, पुढच्या हंगामात राहशील का? पाण्यात नाही, किनाऱ्यावर. नव्या मुलांना आणि पाहुण्यांना तयार करायचं काम. ज्याला सर्दी आहे त्याला परत पाठवायचा अधिकार माझा. मी अजून हो म्हटलेलं नाही. घरी बोलून ठरवीन.

आल्यावर मला पाथर्डीला जाऊन गहिनीनाथ सरांना भेटायचं आहे. त्यांना वाटतं मी त्यांच्या जातीला भ्यालो. तसं नव्हतं एवढं तरी त्यांना सांगावं असं मला वाटतं.

अण्णांना लिहिलेलं वेगळं पत्र सोबत आहे. त्यांना वाचून दाखवू नकोस. त्यांचं त्यांना वाचू दे.

तुझा,
चेतन


भिंगार
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय चेतन,
जय भीम.

सुखरूप पोहोचल्याचं समर्थने कळवलं. यंत्र वापरत जा. समुद्राच्या हवेने खराब होईल म्हणून डबीत ठेवून देशील, मला माहीत आहे.

तू गेल्यापासून घर अगदी शांत झालंय. तू होतास तोवर अण्णा एवढ्या मोठ्याने बोलायचे की तू जेवायला काय मागितलंस ते शेजारच्या रतनबाईंना कळायचं. आता ते माझ्याशीही तसंच बोलतात. सवय लागलीय. परवा मात्र चहाच्या दुकानात जाऊन आले. कोणीतरी विचारलं, पोरगा काय करतो? अण्णांनी सांगितलं, "कान गेला त्याचा. आता दुसऱ्यांचे कान सांबाळतो." घरी येऊन मला विचारलं, बरोबर सांगितलं ना?

पाथर्डीला निघालेल्या तुला मी अर्ध्या रस्त्यातून परत आणलं, त्याचा तुला राग आला होता. जीपमध्ये इतक्या लोकांत मला नीट सांगता आलं नाही. गहिनीनाथला खरं कळलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, आणि मलाही. पण त्याने ते घरी नेऊन ठेवलं कुठे असतं? पूजाला दिवस गेलेत. शाळेत तो डबा उघडतो तेव्हा तिने पोळीत गुंडाळून गुळाचा खडा ठेवलेला असतो. त्या घरात आता आपलं खरं नेऊन टाकू नये. त्याने तुला भित्रा समजलेलं मला अजून सलतं. ते तसंच राहील. शिवाय मी बदलीचा अर्ज केला आहे. केडगावची शाळा मिळाली तर पुढच्या जूनपासून तिकडे. वसतिगृहाची पोरं सोडून जायचं जिवावर येतं, पण त्या व्हरांड्यात आता उभं राहवत नाही.

एक गोष्ट राहिली. त्यासाठीच लिहायला बसले.

तू गेलास त्या दिवशी माळीवाडा स्टँडवर आपण पुण्याच्या गाडीची वाट बघत होतो. अण्णा पाण्याची बाटली आणायला गेले होते. मी तुझ्या उजव्या बाजूला उभी होते. आधी सहजच, गर्दीत तिथे जागा मिळाली म्हणून. मग लक्षात आलं आणि तरी तिथेच राहिले. तुझ्याकडे न बघता मी काहीतरी बोलले. तुला माझे ओठ हललेले दिसले असावेत. तू माझ्याकडे बघून हसलास आणि मान डोलवलीस. मग गाडी लागली.

मी काय बोलले ते तुला कळायला हवं. मी म्हणाले होते, चेतन, माझा राग अजून पुरता गेलेला नाही. कमी झालाय. तू ताटावर बसून मान वाकडी करून डावा कान पुढे करतोस तेव्हा तो कुठे जातो कळत नाही. पण वसतिगृहातल्या पोरांच्या हजेरीला एक नाव मी आणि दुसरं गहिनीनाथ वाचायचा, ते आठवलं की तो परत येतो. जाईल असं वाटतं. कधी ते सांगता येत नाही.

यावरही तू मान डोलवलीस.

तुला ऐकू येणार नाही हे माहीत असताना मी बोलले, हे काही बरं केलं नाही. म्हणून लिहून पाठवते. आणि एवढं माझं ऐक. इथून पुढे कोणाचंही बोलणं कळलं नाही तर मान हलवू नकोस, काय म्हणालात म्हणून विचार. लोक वैतागतील, वैतागू देत. मी नाही वैतागणार. मी पुन्हा सांगेन, लागेल तितक्या वेळा.

अण्णा विचारतायत, तिकडे पाऊस आहे का? मोठ्या अक्षरात लिही म्हणतात, म्हणजे त्यांना वाचता येईल.

तुझी,
ताई